मोगऱ्यावरचे प्लास्टिकचे गवत उचलण्याबाबत

प्रति,
मा. उद्यान निरीक्षक साहेब,
विभागीय कार्यालय, नाशिक.

विषय : मळा कॉलनी उद्यानातील जिवंत मोगऱ्यावर अंथरलेले प्लास्टिकचे गवत उचलण्याबाबत.

संदर्भ : १) पाणी न दिल्याबद्दल आपली नोटीस, दि. १९ जानेवारी २०२६.
२) पाणी दिल्याबद्दल आपली नोटीस, दि. १२ मार्च २०२६.

महोदय,

मी एकतीस वर्षे सरकारी कचेरीत बारनिशीला होतो. आवक-जावकचा प्रत्येक कागद माझ्या हातून गेला, त्यामुळे अर्ज कसा लिहावा हे मला कळते. तरी हा अर्ज लिहिताना किळस येत आहे, हे आधीच नोंदवून ठेवतो. पुढे भाषेत कमी-जास्त झाल्यास वेगळा खुलासा मागवू नये.

१. सहा वर्षांपूर्वी सदर जागेत उद्यान नव्हते. मोडकी घसरगुंडी, बाटल्यांच्या काचा आणि डुकरे होती. ती आम्ही नऊ रहिवाशांनी स्वतःच्या हातांनी साफ केली. डुकरे असताना आपला विभाग तिकडे फिरकला नव्हता, हे नम्रपणे लक्षात आणून देतो. आमच्यापैकी श्रीमती कलाबाई जेजुरकर, वय ७१, यांच्या घरचा फुलांचा मळा याच कॉलनीच्या जागी होता. मळा विकला गेला तेव्हा शेवटच्या वाफ्यातील मोगऱ्याची चाळीस झुडपे त्यांनी मुळांसकट काढून मखमलाबादला बहिणीकडे जगवली होती. जागा साफ होताच ती त्यांनी परत आणून लावली. मळ्यातले त्यांच्याकडे एवढेच उरले आहे.

२. मोगरा भरून फुलावा म्हणून थंडीत त्याचे पाणी बंद करतात. पाने गळतात, झुडूप वाळल्यासारखे दिसते. मग छाटणी, मग खत-पाणी, आणि उन्हाळ्यात फुले वेचून हात दुखतात. याला ताण देणे म्हणतात. नाशकात हे शेंबड्या पोराला माहीत आहे, आपल्या विभागात नसावे. आपण १६ जानेवारीस पाहणीला आलात तेव्हा झुडपे ताणावर होती. कलाबाईंनी आपणांस तोंडावर सांगितले, "पाणी मीच बंद केलंय साहेब. ताण दिलाय. मेला नाय तो, झोपलाय." आपण त्यातले पहिले वाक्य तेवढे लिहून घेतले आणि चाळीस झाडे हेतुपुरस्सर मारल्याची कबुली म्हणून नोटिशीत घातले. आमची चूक एकच झाली, की आम्ही फलक लावला नाही. मळ्यात झाडाला ताण दिला म्हणून कोणी फलक लावत नाही.

३. ६ फेब्रुवारीस ठेकेदाराने झुडपे जमिनीलगत यंत्राने कापली आणि वर प्लास्टिकचे गवत अंथरले. मुळे उपटण्याचे कष्ट त्याने घेतले नाहीत. या संपूर्ण प्रकरणात आपल्या बाजूने झालेले हे एकमेव चांगले काम आहे. त्यानंतर नारळ फोडून उद्घाटन झाले, फोटो निघाले. आपल्या दालनात मागच्या उन्हाळ्यातला आमच्या मोगऱ्याचा फोटो अजून भिंतीवर आहे. परवा त्याखाली बसून आपण मला गवताची पाच वर्षांची हमी सांगत होतात.

४. मार्चच्या सुरुवातीला गवताला उंचवटे आले. कलाबाई रोज सकाळी गुडघे टेकून तळव्याने चाचपतात. आजपर्यंत त्यांना सव्वीस सापडले. प्रत्येक उंचवट्यावर त्या तांब्याभर पाणी ओततात. पहारेकरी राकेश याने इमानदारीने कळवले की म्हातारी प्लास्टिकला पाणी घालते. त्यावरून संदर्भ दोनची नोटीस निघाली: कृत्रिम हिरवळीवर पाण्याचा अपव्यय. म्हणजे जिवंत झाडाला पाणी दिले नाही म्हणून गुन्हा, आणि दिले तरी गुन्हा. दोन्ही नोटिशींवर सही एकाच पेनाची आहे.

५. ३० मार्चपर्यंत लेखी माफी न दिल्यास कलाबाईंना उद्यानात प्रवेश बंद, असे आपण कळवले आहे. माझा सल्ला होता की माफी मागू नये. त्या मला म्हणाल्या, "लिही माफी. माझं काय झिजतंय? पण ते उचलायला सांग आधी. ऊन लय तापाया लागलंय, खाली भाजून जाईल तो." मी लिहिली. त्यांनी अंगठा दिला. नोकरीत शेकडो अंगठे पाहिले, पण शाईचा पॅड पुढे करताना एवढी लाज मला कधी वाटली नव्हती.

तरी विनंती की, आपणांस हवी होती ती माफी मिळाली असल्याने सव्वीस जागी ताटलीएवढे गवत कापण्याची परवानगी द्यावी. कात्री आमची, कापणार आम्ही. उद्घाटनही पुन्हा करावे, नारळ आम्ही आणू. परंतु कृपया याच आठवड्यात. मोगरा फाइलीसारखा थांबत नाही.

आपला, सवयीने नम्र,

(गोरक्ष विधाते)
मळा कॉलनी, नाशिक
दि. २४ मार्च २०२६

सोबत :
१. संदर्भातील दोन्ही नोटिशींच्या प्रती.
२. श्रीमती कलाबाई जेजुरकर यांचा माफीनामा, डाव्या अंगठ्याच्या ठशासह.
३. मोगऱ्याचा फुटवा, नग एक. गवताच्या जोडातून बाहेर आलेला, उजेड न मिळाल्याने पांढरा, ओल्या फडक्यात गुंडाळलेला. आपण १६ जानेवारीस मृत ठरवलेल्या झाडाचा. आवक क्रमांक टाकून पोच द्यावी, आणि फाइलीला न टाचता पाण्यात ठेवावा.