सुभाषच्या शाळेची तपासणी

१४ जुलै, लातूर
तपासणी समितीत नाव आलं. सरकार एका योजनेतून फी भरून खेड्यातली पोरं खासगी इंग्रजी निवासी शाळांत ठेवतं, ती तिथं नीट आहेत का ते बघायचं. निवृत्त मुख्याध्यापिका म्हणून मी. हे म्हणाले, "गुडघ्यांना विचारलं का?" म्हटलं, ते समितीत नाहीत.
पहिलीच शाळा सुभाषची! देवणीला माझ्या वर्गात, वसतिगृहातला. सदऱ्यावर रोज शाई. गणित मात्र असं सोडवायचा की मी खडू ठेवून बघत राहायचे. आता संस्थेचा सचिव. अभिमान वाटला, खोटं कशाला लिहू.

१५ जुलै
सुभाषचा फोन. "बाई, तुमी येणार म्हणल्यावर लई बरं वाटलं बघा." आवाज तोच.
दिवसभर देवणीच आठवत होती. पूर्वी तपासणीला शिक्षण खात्याचे डिपोटी साहेब न कळवता एसटीनं यायचे. शाळेचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आम्ही त्यांच्यासमोर थरथरायचो, ते गेले की नकला करायचो. आता आधी फोन करून जायचं. कसली डोंबलाची तपासणी.

१७ जुलै
जाऊन आलो. नांदेड रोडला तीन मजली इमारत. शाल, नारळ, हार. योजनेची पोरं नियमाप्रमाणे बाकीच्यांत मिसळून बसलेली. सुभाष वर्गावर्गात, "बघा बाई, काही भेदभाव न्हाई." भरून आलं मला.
दुपारी पंगतही एकत्र. जेवण होताच फीवाली पोरं ताटं तिथंच टाकून पळाली. योजनेची उठली, आपलं ताट घेतलं, शेजारच्याचं उष्टं ताट त्यावर ठेवलं आणि मागं हौदाकडं निघाली. कुणी सांगितलं नव्हतं, रोजचीच सवय. कुठं बसायचं, काय बोलायचं, सगळं पढवलं होतं. एवढं पढवायचं राहिलं.
सुभाष ओरडला, "ठेवा रे ते!" पोरं ताटं घेऊन तशीच उभी.
मी मागं गेले. पत्र्याची खोली, एक फळा. हदगावकडची मनीषा, पाचवीतली, म्हणाली, "आमची शाळा हितं भरती. सायेब आले की वरी बसवतेत." मग हळूच, "बाई, आमाला काढणार का आता?"


१८ जुलै
देवणीच्या वसतिगृहात सगळेच आपापलं ताट राखेनं घासायचे. वॉर्डनसुद्धा. मी कधी तिथं जेवले तर मीही. हौदापाशी कोण हसणं, पाणी उडवणं. सुभाष त्यात सगळ्यात पुढं. किती साधे दिवस होते.
संध्याकाळी त्याचाच फोन. "बाई, लिहू नका. मान्यता गेली की पोरं घरी जातील. मग कुणाचं भलं झालं?"
मेल्याचं म्हणणं खोटंही नाही. राग त्याचाच जास्त येतो.
विचारलं, "देवणीत तुझं उष्टं कोण काढत होतं रे?"
 त्यानं फोन ठेवला.

२१ जुलै
समितीतले अधिकारी म्हणाले, "समाधानकारक लिहा, नाहीतर मान्यता रद्द. मधलं काही नसतंय, बाई."
मी मधलंच लिहिलं. पत्र्याची खोली, ताटं, सगळं. खाली, पोरांना हलवू नका, वरच्या वर्गात बसवा, आणि दर महिन्याला न कळवता बघायला जा. सही केली.

२४ जुलै
सकाळी अनोळखी नंबर. मनीषाचे वडील, हदगावच्या स्टँडवरून. "शाळेनं पोरीला घिऊन जा म्हणलंय. कारण इचारलं तर सचिव सायबांनी तुमचा नंबर दिला. म्हणले, त्या बाईलाच इचारा."
अहवाल त्याच्या कानावर गेला वाटतं. वरून अजून काही निर्णय नाही, आणि हा आधीच पोरं काढायला लागला. माझ्या नावावर.
"पोरगी पेटी घिऊन बसलीय म्हणं. नेऊ का ठिऊ, बाई?"
म्हटलं, मी शाळेत निघते आहे, तोवर त्यांच्या कुठल्या कागदावर अंगठा देऊ नका.
हे रिक्षा आणायला गेलेत.