एकाच पाकिटातल्या मुंग्या

ता. ३ ऑगस्ट

तीर्थस्वरूप दाजी यांस,

शिरसाष्टांग नमस्कार. आठ अंगांपैकी गुडघे आता वाकत नाहीत आणि मन मुळीच वाकत नाही, तेव्हा उरलेल्या सहांचा गोड मानून घ्या. माझी तब्येत ठीक आहे. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, भिंगातून पुन्हा स्वच्छ दिसू लागलंय. म्हणून आठवड्यातून एकदा आपल्या जुन्या कीटक विभागात जाऊन बसतो. माझ्या खुर्चीवर हल्ली झेरॉक्सचे गठ्ठे असतात. ते खाली ठेवतो आणि बसतो.

तिथेच परवा तुमचा पराक्रम कळला.

विभागात एक नवी संशोधक आली आहे. मी तिला चष्मेवाली म्हणतो, ती मला काका म्हणते. तिने पाण्याच्या टाकीमागच्या कुजक्या ओंडक्यातून मुंग्यांचं एक घरटं उचलून काचेच्या डबीत पाळलं. कामकरी मुंग्या तर लगेच ओळखू आल्या: खालच्या दाताला खाच, कमरेच्या गाठीवर दोन केस. तुम्ही जिचं वर्णन लिहून आपल्या साहेबांचं नाव दिलंत, तीच दुर्मिळ जात. मग कोश फुटले आणि आतून पंखवाले नर निघाले. लांब मिशा, काळपट पंख, गांधीलमाशीच वाटावी असं अंग. ती मुलगी माझ्याकडे डबी घेऊन आली.

"काका, रागावणार नाही ना? हा तुमचा आहे."

मी पाहिलं. माझाच होता. दिव्यावर आलेल्या ज्या एकुलत्या एका नरावरून मी नवी जात लिहिली, त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा.

मुंगीवाल्यांनीच करावी अशी चूक आहे ही, दाजी. नर दिव्यावर सापडतो, बाकीचं कुटुंब लाकडात. दोघांचे चेहरे जुळत नाहीत. मग एक जण याला जात म्हणतो, दुसरा तिला. एका छपराखालची माणसं दोन वेगळ्या जातींची म्हणून कागदावर नांदत राहतात. त्याबद्दल मी चिडलेलो नाही. दोन जाती एक झाल्या, छान झालं. पण नाव एकच उरणार, आणि आपल्या धंद्याचा नियम तुम्ही मला शिकवलात: जे नाव आधी छापून लोकांच्या हातात पडलं, ते राहतं, नंतरचं पुसलं जातं. दोन्ही एकाच दिवशी आली असतील तर? तर त्यांना एकत्र करणाऱ्याने निवडायचं. म्हणजे या चष्मेवालीने.

तिने तुम्हाला फोन केला. आपल्या पत्रिकेचे संपादक तुम्ही, तुमचा लेख आधीच्या अंकात, माझा पुढच्या. तिने सरळ विचारलं, की सर, हे अंक प्रत्यक्षात कधी निघाले? आणि तुम्ही म्हणालात, "कव्हरवर तारीख आहे ना? तीच धरा. माझा एकही अंक कधी उशिरा निघालेला नाही."

दाजी, खोटं बोलायलाही काही मर्यादा!

छापखानेवाल्याचं यंत्र मोडलं होतं. तुमचा अंक जुनी तारीख कपाळावर घेऊन त्याच्याकडे पडून राहिला, आणि शेवटी दोन्ही अंक एकाच सुतळीने बांधून तुमच्या जेवणाच्या टेबलावर आले. आपण तिघं पाकिटं भरायला बसलो. तुम्ही म्हणालात, "दोन्ही एकातच घाला, तिकिटं वाचतील." अक्का डिंक लावत होती. ती म्हणाली, "दोघांच्या मुंग्या एकाच पाकिटात कोंबताय, वाटेत भांडतील हं." तुम्ही तेव्हा माझी केवढी टिंगल केलीत! "नराला बाईचं नाव ठेवणारा जगात हा एकटाच." त्यावर ती पटकन बोलली, "आणि ह्यांच्या कामकरी मुंग्या सगळ्या बाया, नाव मात्र मिशाळ साहेबांचं." तुमच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. मला तो अजून दिसतो.

तिच्या बोटांना डिंक लागला होता आणि ती शाळेतली कविता गुणगुणत पाकिटं चिकटवत होती. लहानपणी आम्ही दोघं कविता म्हणत शाळेत जायचो. ती पुढे, मी मागे, चरण संपला की पायरी. मला अजून कामकरी मुंग्यांची रांग दिसली की ओवीची चाल ऐकू येते, आणि अडखळत धावणारी एखादी दिसली की वाटतं, हिची एक मात्रा सांडली. अक्काला मात्रा सांडलेली खपायची नाही. पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावायची.

भरकटलो. सांगायचं होतं वेगळंच.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याला स्वतःच्या नावाची हाव सुटली आहे. शोधणारा म्हणून माझं नाव त्या मुंगीपुढे राहो न राहो, मला फिकीर नाही. खुशाल तुमचं लावा! मी त्या नराला जे नाव दिलं ते अक्काचं माहेरचं होतं. आईने ठेवलेलं. तुमच्या घरी आली तेव्हा तुम्हाला ते जुनाट वाटलं. चारचौघांत हाक मारायला लाज वाटते म्हणालात आणि तिला दुसरं, गुळगुळीत नाव दिलंत. ती हसली आणि त्या नावाला ओ देत राहिली. पत्रांवर तेच, दारावरच्या पाटीवर तेच, तिच्या मागे वर्तमानपत्रात छापलंत तेही तेच. आईने ठेवलेलं नाव आता फक्त माझ्या त्या लेखात आणि त्या मुंगीच्या टाचणीखालच्या चिठ्ठीवर आहे. जगात दुसरीकडे कुठेही नाही. आणि तेही तुम्ही पुसायला निघालात, कशासाठी, तर 'माझा अंक वेळेवर निघाला' एवढ्या एका फुशारकीसाठी!

खरंच तेवढ्यासाठी का, दाजी?

इथवर लिहून मी पेन खाली ठेवलं होतं. चहा केला, गार झाला, ओतून दिला. आता लिहूनच टाकतो.

हॉस्पिटलमधली ती शेवटची दुपार. नर्स तुम्ही ठेवलेल्या नावाने हाका मारत होती. तुम्हीही मारत होतात. अक्का ढिम्म. नर्स म्हणाली, "आता त्यांना ऐकू येत नाही." मग मी वाकून आईच्या नावाने हाक मारली, आणि तिने डोळे उघडले. "काय रे?" म्हणाली. बस, तेवढंच. तुम्ही खिडकीशी उभे होतात. ऐकलंत तुम्ही. त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत, आणि मीही बोललो नाही. ती हाक तुम्हाला लागली हे मला तेव्हाच कळलं होतं. पण ती तुम्हाला लावायला मारली नव्हती हो! मला फक्त माझी बहीण हवी होती, आणखी एकदा.

त्याचा सूड मुंगीवर काढू नका.

त्या पाकिटांना हात लावलेल्या तिघांतले आता दोघंच आहोत. मी सांगून उपयोग नाही. माझाच त्यात स्वार्थ, असं कोणीही म्हणेल. सांगायचं तुम्हीच. चष्मेवालीचा लेख या महिन्यात छापायला जाणार आहे. तिला एवढं कळवा, की दोन्ही अंक एकाच दिवशी, एकाच पाकिटातून गेले. पुढचं ती बघेल. तिला मी विचारलं, निवडायची पाळी आलीच तर कोणतं निवडशील? ती म्हणाली, "काका, म्हणायला गोड आहे ते."

फोनवर सांगू नका, हाताने लिहा. आणि लिहिताना 'त्यांच्या मुंगीचं नाव' असं मोघम लिहून सुटू नका. पूर्ण लिहा. मी या पत्रात ते मुद्दामच कुठे लिहिलेलं नाही. माझं लिहून झालंय, माझी हाक मारूनही झालीय. आता पाळी तुमची.

त्या दुपारी जिने ओ दिली, तिचा
धाकटा भाऊ