सात दिवसांत निद्राजय

सोमवार, १० मे १९९९. संध्याकाळी ७.
देवरे साहेबांनी, म्हणजे आमच्या दैनिकाच्या संपादकांनी, केबिनमध्ये बोलावले. जूनपासून रविवार पुरवणीत आरोग्याचा कायमचा कॉलम सुरू होतोय. येत्या रविवारी आमच्याच कॉलनीच्या उन्हाळी व्याख्यानमालेत डॉ. तृप्ती गांगुर्डे 'माणसाला झोप का हवी' यावर बोलणार. त्याचा वृत्तान्त मी लिहायचा. जमला तर कॉलम माझा, नावासकट. अकरा वर्षे 'आमच्या वार्ताहराकडून' म्हणून जगलो. साहेब म्हणाले, शास्त्रीबुवा, संस्कृत आवरा, वाचणाऱ्याला झोप यायला नको. हसलो. नोकरी आहे.

झोपेची मला पहिल्यापासून किळस. उघडे तोंड, ओघळलेली लाळ, अभ्र्यावर तेलाचा गोल. बावन्नपैकी सतरा वर्षे मीही असाच पडून होतो, या विचाराने अंगावर काटा आला. पाठशाळेत गुरुजी पहाटे चारला उठवत, काय बिघडले? झोप ही गरज नव्हे, तंबाखूसारखी सवय. हे स्वतःवर सिद्ध करून मगच व्याख्यानाला जायचे. शेड्यूल: आज पाच तास, उद्या चार, असे करत शनिवारी शून्य.

मंगळवार, ११ मे. पहाटे ३.३०.
उठलो. सौ. भिंतीकडे तोंड करून. तेजल, आमची अकरावीतली कन्या, पंख्याखाली वेटोळे करून. दोघींचे श्वास दोन वेगळ्या तालांत. ओंगळ दृश्य. मी अत्यंत ताजा.

दुपारी ३.
जेवणानंतर दीड तास आरामखुर्चीत डोळे मिटून विषयाचे चिंतन. याला झोप म्हणत नाहीत. तेजल म्हणते, बाबा, तुमचं चिंतन जिन्यापर्यंत ऐकू येत होतं.

बुधवार, १२ मे.
सौ.ने मुद्दाम आमरस केला. तीन वाट्या. पुढे तीन तास चिंतन. दोष आंब्याचा, निश्चयाचा नाही. सौ. विचारते, रात्री दिवा जाळून कपाटं आवरता आणि दुपारी माझ्या कॉटवर आडवे होता, मग वाचवलेले तास ठेवता तरी कुठे? प्रयोगाच्या काळात वाद वर्ज्य. उद्यापासून आमरसही वर्ज्य.

गुरुवार, १३ मे.
समोरच्या झुंबरशेठच्या पल्लवीचा साखरपुडा. मांडव, माणसे, मध्ये पाट, हार. पाय धुतले, चेहरा गंभीर केला, झुंबरशेठचा हात हातात घेऊन म्हणालो, ईश्वरेच्छा, आता तुम्हीच धीर धरायचा. बोलताना लक्षात आले की मंडळी पेढे खात आहेत. शेठ शांतपणे म्हणाले, शास्त्रीजी, अजून लग्न व्हायचंय, एवढ्यात नका रडू. सौ. घरापर्यंत चार पावले पुढे चालली. माझ्या मते वाक्य दोन्ही प्रसंगी चालण्यासारखे होते.

शुक्रवार, १४ मे.
अशोकस्तंभाजवळ लुनावर बसल्या बसल्या चिंतन लागले. सिग्नल म्हणे तीनदा हिरवा झाला. हवालदार जवळ येऊन अगदी मायेने म्हणाला, काका, पेट्रोल संपलं, की तुम्ही? मागे रिक्षावाले जे बोलले ते शुद्ध मराठीत लिहिता येत नाही. या शहरात मनन करायला जागा नाही. गर्दी, हॉर्न, घाम, आणि एकपासून चारपर्यंत कुलूप लावून घोरणारे दुकानदार. सगळ्यांची शिसारी आली. मोजून दोन तास झोपलेला मी एकटा जागा.

शनिवार, १५ मे.
'झोप: एक थोतांड' हा जोडलेख पूर्ण. बारा पाने. तेजलने वाचून सांगितले, बाबा, चौथ्या पानापासून एकच वाक्य आहे. पाहिले. खरे आहे. पण वाक्य चांगले आहे. डोळ्यांत वाळू, भात बेचव, कुकरच्या शिट्टीवर मी ओरडलो, सौ. माझ्यावर नाही. ते अधिक लागले. म्हणाली, कॉलम नाही मिळाला तरी चालेल हो, पण माणूस परत मिळू द्या. उद्या कॉलम मिळाल्यावर समजेल तिला.

रविवार, १६ मे. सकाळी ६.
रात्री शून्य तास. (न्हाणीघरातली वीस मिनिटे धरलेली नाहीत.) जिंकलो. भिंत किंचित हलते आहे.

रात्री ९.३०.
व्याख्यान झाले. पहिल्या रांगेत, वक्त्यांच्या थेट समोर बसलो. या डॉक्टर नांदगावकडच्या, वयाने माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलणे साधे. सुरुवातीचा थोडा भाग चिंतनात गेला. शेवट मात्र बारकाईने ऐकला. व्याख्यान साफ पडले. भरलेला मांडव, पण एक टाळी नाही. कोणी खोकलेसुद्धा नाही. बाई बिचाऱ्या कुजबुजत बोलत होत्या, आभारही कुजबुजत झाले. लोक चपला हातात घेऊन निघून गेले. इतका थंड प्रतिसाद मी अकरा वर्षांत पाहिला नाही. वृत्तान्त तिथेच लिहून प्रेसवर नेऊन दिला. मथळा: 'झोपेवरील व्याख्यानाकडे श्रोत्यांची पाठ'. साहेब घरी गेले होते. रात्रपाळीच्या किशोरने माझ्या शब्दावर जसाच्या तसा लावला. नाव घालायला सांगितले. घातले.

सोमवार, १७ मे.
सकाळी दूधवाल्याने बाटल्या आवाज न करता ठेवल्या आणि हसला. मग झुंबरशेठ दुसरे वर्तमानपत्र घेऊन आले. त्यातली बातमी वाचली. डॉक्टर पाच मिनिटे बोलल्या, तोवर मी खुर्चीत मान टाकली होती. त्यांनी व्यासपीठावरून उतरून, माझ्याजवळ उभे राहून श्रोत्यांना सांगितले, माणसाला झोप का हवी हे मी तासभर समजावणार होते, पण उत्तर पहिल्या रांगेत येऊन बसलंय; किती दिवसांचे जागे आहेत कोण जाणे, कृपा करून टाळ्या वाजवू नका. चारशे माणसे पाऊण तास माझ्यासाठी गप्प बसली. शेजारी पल्लवी पदराने वारा घालत होती म्हणे.

शेठनी टोमणा मारला नाही. फक्त विचारले, आता बरं वाटतंय ना?

साहेबांचा फोन. आवाज चढलेला नव्हता, हे जास्त वाईट. म्हणाले, बुवा, झोप लागली हा गुन्हा नाही. न ऐकलेलं व्याख्यान पडलं म्हणून छापलंत. उद्या खुलासा लिहा, माझ्याच टेबलाशी बसून.

रविवार, ६ जून.
कॉलम सुरू झाला. डॉ. तृप्ती गांगुर्डे यांचा. पहिला लेख झोपेवर. शुद्धलेखन मी तपासले. दोन चुका, त्याही टायपिंगच्या. लेखात माझ्याबद्दल एक अक्षर नाही. बाई सभ्य आहेत.

मधोमध माझा फोटो आहे, तीन कॉलमी. मान मागे, तोंड उघडे. खाली बारीक टाइपात: प्रातिनिधिक छायाचित्र.