एकेचाळीस मिनिटांच्या पुढे

१ फेब्रुवारी २००५, मंगळवार
पोहोचले एकदाची रत्नागिरीत! पोफळीहून एसटीत बसताना आईने डबा, पांघरूण आणि शंभर सूचना दिल्या. त्यातली एकही लागली नाही. मिरकरवाड्याच्या जेटीपासून पाच मिनिटांवर स्टुडिओ, पहिल्या मजल्यावर. मालक हारुनभाई पंधरा वर्षं आखातात कॅमेरामन होते. तिथून मोठा कॅमेरा, टेप वाजवायचं यंत्र आणि सवयीची शिस्त घेऊन आले. चपला बाहेर काढायच्या, टेपेला उघड्या बोटाने शिवायचं नाही. मला ते आवडलं. खिडकीतून लाँची दिसतात. सुकटीचा वास सारखा येतो, त्याची सवय होईल म्हणाले. पुण्यात दोन वर्षं एडिटिंग शिकले त्याचं आज पहिल्यांदा चीज झालं असं वाटतंय.

२ फेब्रुवारी
काम समजलं. इथल्या दमट हवेने हारुनभाईंच्या सगळ्या टेपांना बुरशी धरतेय. त्या पुसून, वाजवून, संगणकात उतरवायच्या आणि मग दुसऱ्या फॉरमॅटमध्ये न्यायच्या. अट एकच. दर्जा उतरता कामा नये, मूळ चित्रातलं एक टिंबही हरवता कामा नये.

पहिली टेप रझियाभाभींची. मागच्या सप्टेंबरात त्यांचे यजमान अद्नान यांनी नवी लाँच पाण्यात घातली, नाव 'नूर'. हारुनभाईंनी त्याचं शूटिंग केलं. माळा, फातिहा, सरबत, मग अद्नान, लाँच हाकणारा तांडेल तहा आणि खलाशी विठू असे तिघे पहिल्या फेरीला निघाले. दुसऱ्या दिवशी वादळ झालं. लाँच परत आली नाही. हारुनभाईंनीही दुसरी लाँच घेऊन तीन दिवस शोधलं, पण काही सापडलं नाही. भाभींकडे यजमानांचं हलतं चित्र एवढंच आहे. एकेचाळीस मिनिटं. शेवटी 'नूर' बंदराचा बंधारा ओलांडते, अद्नान हात हलवतो आणि कॅमेरा बंद.

३ फेब्रुवारी
टेप छान उतरली, एकही फ्रेम गळली नाही. मग ती फाइल दुसऱ्या फॉरमॅटमध्ये नेली. मूळ आणि नक्कल शेजारी लावून तपासली. अद्नानच्या कॉलरवरचा सरबताचा डागसुद्धा जशाचा तसा.

फक्त नक्कल बारा सेकंदांनी मोठी आहे. बंधाऱ्यापुढे लाँच चाललेली दिसते. पण जवळून, पाण्यातून घेतल्यासारखी. टेप पुन्हा लावून पाहिली, एकेचाळीस मिनिटांपुढे ती कोरी आहे. हारुनभाईंना विचारलं. आधीचं काहीतरी पुसायचं राहिलं असेल, म्हणाले. पण कोऱ्या टेपेत आधीचं कुठून येणार?

५ फेब्रुवारी
बारा सेकंदांनी वाढलेल्या फाइलवरून पुन्हा एक नक्कल केली. ही तीन तासांची झाली. तिघे जाळं ओढतायत, विठू गातोय, अद्नान दात कोरतोय. तिथे कॅमेरा न्यायला कोण होतं?

रझियाभाभी डीव्हीडी न्यायला आल्या होत्या. माझ्या मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलंच नाही. तीस-बत्तीसच्या असतील. रडल्या नाहीत. हा सदरा मी डब्याखाली घडी करून दिला होता, तो बंधाऱ्यापुढे गेल्यावर घातलाय त्याने, एवढंच म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "बाय, अजून एकदा कर."

७ फेब्रुवारी
करायला नको होतं. केलं.

वादळ आलं. 'नूर' उलटली. तिघे तिच्या पालथ्या तळावर चढले. जिवंत आहेत! भाभींनी पडद्यावर तळहात ठेवला तो काढेनात. पोलिसांनी त्यांना सांगितलं होतं की लाँच बुडाली तेव्हाच सगळे गेले. चित्र इतकं स्वच्छ आहे की तहाच्या सोललेल्या कोपराचं रक्त खाऱ्या पाण्यात विरताना दिसतं.

भाभी सारखं म्हणतायत, कोणीतरी येईल त्यांना न्यायला. पुढे कर, कोणीतरी येईल.

९ फेब्रुवारी
आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, लांबून एक लाँच. भाभी उठून उभ्या राहिल्या. तळावरचे तिघेही उठले, विठूने सदरा काढून फडकवला. लाँच जवळ येत गेली. मग वळली.

तिच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, दुर्बीण घेऊन उभा असलेला माणूस स्पष्ट दिसत होता. हारुनभाई.

ते स्टुडिओच्या दारातच उभे होते. भाभींनी वळून विचारलं, "तीन दिवस शोधलं म्हणालात ना, हारुनभाई?"

"समुद्र खवळला होता, रझिया. लाँचवरची पोरं घाबरली. मला तिकडे काहीतरी काळं दिसलं... मी म्हटलं लाकूड असेल."

"लाकूड सदरा हलवतं?"

ते खाली बसले. त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं.

१० फेब्रुवारी
सकाळी आले तर हारुनभाईंनी टेप उपसून कात्रीने तिचे तुकडे केले होते. फाइली राहिल्या. त्याही पुसायला सांगून ते दापोलीला बहिणीकडे निघून गेले. फोन उचलत नाहीत.

पुसायला बसले. भाभींनी माझं मनगट धरलं. "आता थांबलीस तर तो तसाच राहील गो. तहानलेला. ना वर, ना खाली."

फाइली पुसल्या नाहीत.

१२ फेब्रुवारी
तिसरा दिवस. विठू नाही. कधी घसरला ते चित्रात नाही, फक्त जागा रिकामी आहे. तहा समुद्राचं पाणी प्यायला, अद्नानने त्याचं तोंड दाबून धरलं तरी प्यायला. मग हसला. मग —

दर्जा जराही उतरलेला नाही. ओठांवरची मिठाची पापडी मोजता येते.

भाभी आता घरी जात नाहीत. जेवत नाहीत. तो जेवत नाही म्हणून.

१३ फेब्रुवारी
आईला फोन केला. घरी येते म्हटलं. ये म्हणाली. स्टँडपर्यंत गेले, चिपळूण गाडी लागली होती. पण मी गेले तर भाभी त्याच एका फ्रेमसमोर बसून राहतील. परत आले.

अद्नान एकटा. पहिल्यांदाच त्याने सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं.

१४ फेब्रुवारी
आज हेडफोन लावले. लाटा. त्याचं कण्हणं. आणि तिसरं काहीतरी, अगदी जवळ — कॅमेरा धरणाऱ्याचा श्वास. बाईचा.

भाभींना ऐकवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग नजर वळवली. "तू तिथेच आहेस," म्हणाल्या. "मग त्याला पाणी का देत नाहीस?"

१५ फेब्रुवारी
मी श्वास रोखला. हेडफोनमधला थांबला.

सोडला. सुटला.

पुन्हा — पुन्हा तसंच.

नक्कल करायची बटणं मी दाबत नाहीये आता. चित्र आपोआप पुढे सरकतंय. तो घसरतोय. एक हात तळावर, दुसरा माझ्याकडे.

भाभी कानाशी ओरडतायत, "धर गो! धर त्याला!"

हात पुढे करायचा तर हातातला कॅमेरा सोडावा लागेल. सोडला की चित्र जाईल, चित्र गेलं की तो — बोटं दिसतायत, नखं निळी, इतकी जवळ की — भाभी, मी धरते, मी —