जांभळट लाव्ह्यांची आणि माझ्या घराची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, पूर्वीचा धंदा कापड रंगवण्याचा, हल्लीचा लाव्हे पाळण्याचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. राजीखुशी हा शब्द असल्या कागदात सगळेच घालतात. माझ्या बाबतीत तो शब्दशः खरा आहे, कारण उद्या माझे लग्न आहे.

माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी आज सकाळी दिला. त्यांनी वार विचारला, मी सांगितला. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, मी थेट दोनपर्यंत उतरले, तेव्हा त्यांनीच थांबवले. "नाडी जरा जोरात आहे," म्हणाले. मी म्हटले, "असणारच!"

यापूर्वीच्या मृत्युपत्रात मी सगळे भाचीला आणि धाकट्या बहिणीला फक्त एक फुटका आरसा दिला होता. ते रागात केले होते. ते मी रद्द करते. हे आनंदात केले आहे, तेव्हा यातही काही चुकले असेल, चालवून घ्यावे.

कलम १. घर. खालचे दुकान आणि वरच्या तीन खोल्या माझ्या पश्चात भाचीच्या. मात्र माझे होणारे यजमान, म्हणजे कोपऱ्यावरचे औषधवाले, हयात असेतो त्यांना इथून कोणी हलवू नये. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. ते तिच्यात बसल्या बसल्या झोपतात आणि झोपलो नव्हतो म्हणतात. वाद घालू नये.

कलम २. पक्षी. आजमितीस त्रेचाळीस लाव्हे आहेत, पैकी नऊ जांभळट. वांग्याच्या फुलाचा जो रंग, तोच. हे सगळे भाचीला, आणि तिलाच का, ते इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कोणी तोंड वाकडे करणार नाही.

वडिलांनंतर चौतीस वर्षे मी दुकान चालवले. मग हातांची साले निघू लागली आणि डॉक्टरांनी रंगात हात घालणे बंद करायला लावले. रिकामे बसवेना, म्हणून अंड्यांसाठी सहा तपकिरी लाव्हे आणले. दुसऱ्याच खेपेच्या पिल्लांत एक पिल्लू फिकट निघाले. बहीण आली होती. म्हणाली, "ताई, हे आजारी दिसतंय. टाकून दे." आजारी कसले! निळीच्या शेवटच्या पाण्यातून कापड काढावे तसा राखाडी-निळा रंग होता. मी उभ्या जन्मात तो रंग एकसारखा काढू शकले नव्हते, आणि हे अंगठ्याएवढे पिल्लू तो अंगावर घेऊन दाणे टिपत होते. मी त्या दिवशी जेवायची विसरले.

निळीची पैदास जमली. मग मला हाव सुटली. निळीत दालचिनी रंग मिसळला तर काय होईल? आता दालचिनी रंगाचे लाव्हे गावात एकाच माणसाकडे, औषधवाल्यांकडे. दरवर्षी प्रदर्शनात पहिले बक्षीस त्यांचे. प्रतिस्पर्ध्याला ते पीससुद्धा देत नसत. इथे मी कबूल करते, की मी भाचीला त्यांच्याकडे पाठवले आणि "घरी पाहुणे आहेत, रश्श्याला एखादा म्हातारा नर द्या" असे तिला बोलायला लावले. ती तेव्हा नुकती परिचारिका झाली होती आणि खोटे बोलताना तिचे कान लाल होतात. औषधवाल्यांना वाटले, पोरीला ताप आहे. नर दिला आणि वर तापाच्या गोळ्या दिल्या.

तो नर मी निळ्या माद्यांत सोडला. पहिल्या पिढीत मुली दालचिनी झाल्या आणि मुलगे साधे तपकिरी. मला ठाऊक होते, की ते दिसायला साधे असले तरी निळा रंग पोटात बाळगून आहेत. आता त्यांची आपसांत जोडी लावायची, एवढेच राहिले होते. तेवढ्यात मी जिन्यावरून पडले आणि खुब्याचे हाड मोडून तीन आठवडे रुग्णालयात पडून राहिले.

घर सांभाळायला बहीण आली. वासाने तिचे डोके उठले. तिने पिंजरे उघडले आणि सगळे पक्षी एका खानावळवाल्याला देऊन टाकले. भाचीला हे कळले तेव्हा टोपल्या हातगाडीवर चढल्या होत्या. ती कामाच्या गणवेशातच धावली. जे हाताला लागले ते दोन उचलले, एक तपकिरी नर, एक दालचिनी मादी. बुटांच्या खोक्यात घालून माझ्या खाटेशी आणले. "मावशी, एवढेच वाचले गं," म्हणाली आणि रडू लागली. मी झाकण किलकिले केले आणि इतक्या जोरात ओरडले, की शेजारच्या खाटेवरच्या आजी उठून बसल्या. नेमकी जोडी! न बघता उचललेली! दोन आठवडे ती जोडी परिचारिकांच्या न्हाणीघरात राहिली. म्हणून पक्षी भाचीचे.

त्या जोडीच्या आठ पिल्लांत एक नर जांभळट निघाला. मी चष्मा पुसला. मग दुसरा चष्मा आणला.

कलम ३. प्रदर्शनातले दोन पांढरे टॉवेल परीक्षकबाईंना द्यायचे मनात होते, पण त्या या कागदावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले. म्हणून टॉवेलही भाचीला. त्यांची हकीकत अशी.

त्या नराला घेऊन मी प्रदर्शनात गेले. गर्दी जमली. औषधवाल्यांनी पिंजऱ्यात वाकून पाहिले आणि भर सभेत म्हणाले, "बाई रंगारी आहेत, हे परीक्षकांना माहीत आहे ना?"

माझे कान तापले. चौतीस वर्षांत माझ्या कापडाचा रंग गेल्याची एकही तक्रार नाही, आणि हा माणूस मला फसवी म्हणतो! मी म्हटले, "साबण आणा. इथेच धुवा."

परीक्षकबाईंनी कोमट पाणी आणि साबण घेऊन त्याला तीनदा धुतले. पाणी नितळ. टॉवेलने पुसला, टॉवेल पांढरा. दुसरा टॉवेलही पांढरा, शिटेचा एक डाग सोडून. भिजलेला लाव्हा उंदरासारखा दिसतो. सगळी सभा श्वास रोखून त्या उंदराकडे बघत होती. केस वाळवायच्या यंत्राने त्याला वाळवले. पीस पीस फुलत गेले आणि जांभळा रंग पुन्हा वर आला. मग तो परीक्षकबाईंच्या मनगटावर ताठ उभा राहून खच्चून आरवला. लोकांनी टाळ्या पिटल्या.

औषधवाले पुढे आले. "चूक झाली," म्हणाले. तेही मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे. मग हळूच, "पण यात दालचिनी कुठून आली हो?"

"पाहुण्यांनी रस्सा खाल्ला नाही," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी ते दारात हजर. साबण पक्ष्याच्या डोळ्यात गेला असेल म्हणून थेंब आणले होते. थेंब एकदाच घालायचे होते. ते आठ दिवस येत राहिले. नंतर चार वर्षे.

दीड महिन्यापूर्वी एका मंगळवारी दाणे घालताना म्हणाले, "दोन घरांत दोन उबवणी यंत्रं कशाला चालवायची? वीज उगाच जळते."

मी म्हटले, "एक विकून टाका मग."

"तसं नव्हे हो," ते म्हणाले आणि त्यांच्या हातातले दाण्याचे भांडे पडले. तेव्हा मला अर्थ लागला. मी इतकी हसले, की त्रेचाळीस लाव्हे एकदम छताला उडाले. पिंजऱ्यांच्या छताला जुन्या चादरी शिवल्या आहेत म्हणून एकाचेही डोके फुटले नाही. दचकलेला लाव्हा सरळ वर उडतो; भाचीने त्या चादरी कधी काढू नयेत.

कलम ४. बहीण. तिला आईच्या खोलीत कायमचा मुक्काम, कपाट, आणि नवा आरसा. परवा लग्नाचे कळल्यावर तिने फोनवर विचारले, "ताई, या वयात लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "उशीर झाला म्हणतील." मग म्हणाली, "मी साडी कुठली नेसू?" पक्षी दिल्याबद्दल तिने माफी मागितलेली नाही, पण काल आली ती बाजरीचे पोते घेऊन. मी हिशेब मिटवला आहे. भाचीनेही मिटवावा.

कलम ५. बँकेत असेल ते पक्ष्यांच्या दाण्याला. रंगाच्या तांब्याच्या कढया शाळेला. तपकिरी पक्षी साधा समजून कोणाला देण्याआधी वंशावळीची वही वाचावी. औषधवाल्यांना पक्ष्यांतले काही दिलेले नाही, त्यांनीच सांगितले, "भाचीला द्या. मला नुसतं बघायला मिळालं तरी पुरे."

हा कागद मी वाचून दाखवला, समजून घेतला आणि खालील दोघांसमक्ष सही केली.

साक्षीदार पहिले: डॉक्टर. (यांनी शेरा लिहिला आहे: बाई पूर्ण शुद्धीवर आहेत; हसू थांबत नाही, ते आजाराचे लक्षण नाही.)

साक्षीदार दुसऱ्या: परीक्षकबाई.

स्थळ: पिंजऱ्यांची खोली. वार गुरुवार, सकाळी साडेदहा. उद्या अकरा वाजता नोंदणी कचेरी.

सही करताना औषधवाले दारात उभे होते. मी त्यांना सांगितले, की लग्नानंतर मी आडनाव बदलणार नाही, ही सही अशीच राहील.

ते म्हणाले, "मग मी बदलू का?"

(सही, वळण जरा हलले आहे, पण माझीच.)