सटवाईची शाई

सोमवार, २ फेब्रुवारी

बंगलोरची तारीख आली! रविवारी निघायचं, विमानानं. टिकीट ऑपरेशनला मदत करनाऱ्या संस्थेनं काढलं, डॉक्टर मॅडमनी चिठ्ठी दिली. पोरीला गाडीतनं एवढं लांब नेऊ नका बोलल्या. बायच्या काळजाला भोक हाय, ते तिथं शिवनार. मी बोलले, चला! रडत बसनारी मी नाय.

बाय अजून बिननावाची. दवाखान्याच्या फायलीवर 'बेबी ऑफ किशोरी', टिकिटावर नुसतं 'बेबी'. बारसं ऑपरेशन झाल्यावर करू, असं सगळ्यांनी ठरवलं. का ठरवलं ते मला कळत नाय असं वाटतं त्यांना.

मॅडमनी परत शिकवलं. नखं बघायची, ओठ बघायचे. निळे पडले की गुडघे छातीशी दाबून धरायचे आनी ऑक्सिजन मागायचा. मला पाठ हाय. दिवसभर दुसरं काय करते मी? नखंच बघते. एरवी पन थोडी जांभळीच असतात. हिची लाल नखं मी कधी बघितलीच नायत.

मंगळवार, ३

आज सासूनं, आयनं, भांडन काढलं. पाचवीचं!

बाय जन्मली ती लगेच काचेच्या पेटीत. मी पन दवाखान्यात. घरी आयनं एकटीनं पाचवी पुजली. सटवाई रात्री येऊन पोराचं नशीब लिवते, म्हनून कोरा कागद न पेन ठेवला. ते पेन माझ्या नवऱ्याला, जीवनला, कंपनीत फुकट मिळालेलं. आज मी बाय किती दूध प्यायली ते लिवायला तेच घेतलं — उमटेच ना! घासलं, फुंकलं, काय नाय.

आय कपाळाला हात लावून खालीच बसली. "सुकं पेन दिलंस रं मेल्या! ती आली न तशीच गेली. पोरीचं काय लिवलंच नाय!"

जीवन बोलला, "आय, तिनं तिचं पेन आनलं असंल."

"ती काय पोष्टात कामाला हाय?"

मी हसले. लय हसले. मग चुलीपाशी जाऊन उभी राह्यले. काय लिवलंच नाय म्हंजे — पुढचं आयुष्य पन नाय?

बुधवार, ४

आय चंद्रावती काकीकडं जाऊन आली. काकी लग्नात धवल्याची गानी गाते, तिला सगळे विधी तोंडपाठ. काकी बोलली, जिथं पोर तिथं पाचवी, परत पुजा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कोरा कागद ठेवा आनी खरी शाई. बॉलपेन नको!

खरी शाई आमच्याच घरात निघाली. सासऱ्यांची. विमानतळासाठी गाव उठवायचं ठरलं तवा बाबा गावाच्या कमिटीत होते, गावाचे सगळे अर्ज त्यांनी लिवले, शाईच्या पेनानं. बॉलपेनच्या अर्जाला साहेब विचारत नाय, असं त्यांचं. एवढे अर्ज लिवले तरी गाव उठलंच. घरं गेली, शेतं गेली, चिंचेखालचं सटवाईचं ठिकान पन गेलं. आमी आलो नव्या वसाहतीत. तवापासनं बाबा विमानतळाचं तोंड बघत नाय. टीव्हीत विमान आलं तरी चॅनल बदलतात.

त्यांनीच पेटीतनं पेन न बाटली काढली. निळी शाई, खोक्यासकट. माझ्या हातात दिली न बोलले, "अर्जांना काय उपयोग झाला नाय हिचा. तू बघ."

गुरुवार, ५

शाई विमानात चालते का? सगळ्या वसाहतीनं अक्कल दिली. कोन बोललं जप्त करतील, कोन बोललं वर गेल्यावर फुटते. शेवटी धाकट्या दिराला विचारलं. गुरुदत्त विमानतळावर सामान चढवतो, त्याला म्हाईत.

"वहिनी, बाटली छोटी हाय, हातातल्या पिशवीत चालंल. पेन रिकामं ठेव, भरलेलं असलं तर वर गळतं. झाकन आवळ, वरनं प्लास्टिक, वरनं रबर. आनी एकदा बांधलं की उघडू नको!"

मी बोलले, मला शिकवतोस? सुक्या जवळ्याची पिशवी मी अशी बांधते की शेजारीन मांडीला मांडी लावून बसली तरी वास येत नाय.

शनिवार, ७

पिशवी भरली. दूध, फडकी, शाई, पेन, कोरा कागद. मी घाबरत नाय.

रविवार, ८

कुठनं सुरवात करू!

सकाळी रिक्षा आली तर बाबा आधीच पुढं ड्रायव्हरजवळ बसलेले. विमानतळाच्या इंग्रजीत लिवलेल्या मोठ्या दरवाज्यापर्यंत आले. आत बघितलं नाय, पाठ करून उभे राह्यले. बायला हात लावला, तो पन मागं न बघता.

चेकिंगला खाकीतल्या बाईनं पिशवी बाजूला काढली. दुधाला काय बोलली नाय. बाटली हातात घेतली. "ये क्या है?"

मी बोलले, "स्याही. पेन की. शंभर एमएल के अंदर है." गुरुदत्तनं घोकून घेतलेलं.

"बच्ची के दूध के साथ स्याही?"

आता हिला काय सांगू? माझ्या हिंदीत सटवाई कशी बसवू? मी बोलले, देवी आती है, रात को लिखती है, बच्ची का... पहिले पेन सूखा था...

ती एकदम बोलली, "छठी का है?"

तिच्या गावाला पन ठेवतात! बिहारची होती. कागद, दवात, कलम, सगळं तसंच. तिनं बाटलीवरचे आकडे वाचले, बाटली परत दिली. बायच्या कपाळावरचे केस बोटानं सारखे केले न बोलली, "जाओ. अच्छा लिखवाना." जशी काय मीच सांगनार हाय काय लिवायचं ते!

विमानात बसलो. मी खिडकीला. तिथं मी एक येडेपना केला. मनात आलं, बाबांची बाटली किती जुनी. आत सुकून खडे झाले असले तर? परत कोरंच? रबर काढलं, प्लास्टिक काढलं, झाकन उघडलं. वली होती! तेवढ्यात विमानातली पोरगी आली, पट्टा लावा, पिशवी खाली ठेवा. बाय एका हातात. दुसऱ्या हातानं झाकन फिरवलं, पिशवी पायाखाली सारली.

विमान पळायला लागलं. जीवननं माझं मनगट धरलं — मी घाबरत नाय, तोच घाबरलेला. कानात बोलला, "इथंच कुठंतरी आपली चिंच होती." मग चाकाचा आवाज बंद झाला. खाली खाडी, मिठागरं दिसली. मी बायला बोलले, बघ, हे तुझं गाव.

वर गेल्यावर पिशवी मांडीवर घेतली, दूध पाजलं, न बघताच हाताला आलं त्या फडक्यानं तोंड पुसलं. बायनं फडकं मुठीत धरलं, मी धरू दिलं. बाहेर ढग बघत बसले. असे ढग! खाली ढग!

मग तिच्याकडं बघितलं.

ओठ निळे. बोटं निळी. जांभळी नाय — निळी!

मी केवढ्यानं ओरडले मला ठाऊक नाय. गुडघे छातीला दाबले. ऑक्सिजन, ऑक्सिजन! ती पोरगी पळत गेली, दुसरी ऑक्सिजनचा बाटला घेऊन आली. मागची मानसं उभी राह्यली. विचारत होती, डॉक्टर कोन हाय का. मी बायच्या नखाकडं बघते तर ती अजून निळी होतेय, हनवटी पन निळी. माझ्या हातात चालली माझी पोर. काय लिवलंच नव्हतं तिचं.

आनी जीवन बोलला, "किशोरी... माझा पन अंगठा निळा हाय."

बघितलं. माझा तळवा निळा. मांडी निळी. विमानातल्या पोरीच्या पांढऱ्या रुमालाला निळी बोटं. सगळ्यांच्याच काळजाला भोक पडलं काय!

बाय फडकं चोखत होती. हसत होती गुलाम.

मी एवढी हसले, न मग एवढी रडले की त्या पोरीनं ऑक्सिजन मला देऊ का विचारलं.

सगळं शांत झाल्यावर पिशवी उघडली. बाटली रिकामी. झाकन कडंला लोंबतंय. शाई फडक्यांनी प्यायली, न कोऱ्या कागदानं. कागद आता कोरा नव्हता.

सोमवार, ९

नर्सनं स्पिरीट लावून बायची बोटं घासली. "कलर नहीं चलेगा, डॉक्टर को नाखून देखना है." घासून घासून बरंच निघालं.

आज पाचवी पुजायची होती. शाई कुठाय? इथं दुकानं विचारत जीवन फिरून आला, त्याची भाषा कुनाला कळली नाय. आयला व्हिडिओ फोन लावला. तोंड दाखवायची लाज वाटत होती. सगळं सांगितलं, कागद दाखवला. एका कोपऱ्यात मोठा डाग, तिथनं रेघा न ठिपके. खालती बायच्या मुठीचा ठसा.

मला वाटलं आता शिव्या. आय फोन तोंडाजवळ घेऊन ओरडली, "लिवलंय की! अगं कागद भरलाय! तिचं ठिकान त्या धावपट्टीखालीच ना? तिथनंच चढली ती तुमच्याबरोबर!"

मी बोलले, "टिकीट कुनी काढलं तिचं?"

"गप! तिचीच जागा ती!"

मग बाबांनी फोन घेतला. चश्मा लावला. बोलले, कागद नीट धर, हलवू नको. किती वेळ वाचत होते.

"अक्षर कळत नाय," बोलले. "पन खाली सही हाय. अर्ज मंजूर झालाय."

मंगळवार, १०

सकाळी आत नेली. मी घाबरलेय. पहिल्या दिवसापासनं घाबरलेली हाय.

बुधवार, ११

काचेतनं दाखवली. ऑपरेशन झालं, आता वाट बघायची, एवढंच बोलतात. नळ्याच नळ्या. हाताला पट्ट्या. नखं दिसली नायत.

शुक्रवार, १३

आज आत सोडलं. नर्सनं पट्टी सोडली. नखं लाल! डाळिंबाच्या दान्यासारखी, सगळी! मी एकेक बोट उलटं करून बघितलं. एकाच नखाच्या कडंला निळं दिसलं न मी नर्सला हाक मारली. नर्सनं वाकून बघितलं. शाई. स्पिरीटचा कापूस घेतला तिनं. मी तिचा हात धरला न बोलले, रहने दो. सही हाय ती.