पडलेल्याला उचलायचं नाही

कामिसावा, नागानो
११ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

नमस्कार. खुब्याचं ऑपरेशन झालेला पाय थंडीत ठणकत असेल, तर गरम पाण्याची पिशवी घ्या. उगाच मर्दुमकी दाखवू नका. शलगमच्या पानांचं लोणचं पाठवतेय. वासाला वहिनी नाक मुरडतील, म्हणून डबा गॅलरीत ठेवा.

दादाचा फोन आला होता. तुम्ही म्हणे आता तोक्योत त्याच्याकडेच राहणार. "स्की शिकवता येत नाही, तर गावात येऊन करू काय?" असं म्हणालात. त्यावर मी काही लिहीत नाही. बातमी वेगळीच आहे.

आज सुट्टी होती, म्हणून आम्ही कोहारुला पहिल्यांदा स्कीवर उभं केलं. अडीच वर्षं म्हणजे तुमच्या हिशेबाने उशीरच. कमरेला दोरी बांधून मी मागे, आणि तेत्सुरो खाली, हात पसरून. तुमचा हा ओसाकाचा जावई बर्फावर अजूनही धड उभा राहत नाही, पण उत्साह दांडगा.

दोरीने दोन फेऱ्या नीट झाल्या. मग खालच्या सपाटीजवळ मी दोरी सोडली. पोरगी जरा घसरली आणि तोंडावर आपटली.

मी खिशात हात घालून उभी राहिले. पडलेल्याला उचलायचं नाही, हा तुमचा नियम. कोहारुने भोकाड पसरलं. बाजूची, स्कीसाठी गावात आलेली एक पाहुणी बाई म्हणाली, "अहो, आई आहात ना तुम्ही?" तेत्सुरो धावत निघाला आणि वाटेतच आडवा झाला. त्याला पाहून कोहारु रडायची थांबली. स्की आडव्या केल्या, गुडघा टेकला, ढुंगण वर केलं आणि उठली. वर बापालाच दम दिला, "बाबा, उठा. कोणी उचलणार नाही हं."

नूडल्सच्या टपरीवरच्या तोकुकाकू ओरडल्या, "ही तर थेट आजोबांवर गेली!" बाबा, मला इतका अभिमान वाटला की मी सगळ्यांना नूडल्स खाऊ घातल्या, त्या पाहुण्या बाईलासुद्धा.

पण खिशातले हात बाहेर काढले, तेव्हा तळव्यांवर नखं रुतल्याचे वळ होते. लहानपणी मी पडायची आणि तुम्ही असेच खिशात हात घालून उभे असायचात. मला वाटायचं, या माणसाला माया नाही. लग्नाच्या दिवशी रागाच्या भरात मी तुम्हाला तसं बोललेही. तेव्हापासून आपण एकमेकांशी दादामार्फतच बोलतो. आज कळलं, त्या खिशांत काय चाललेलं असायचं.

उठल्यावर कोहारुने आधी मागे वळून पाहिलं, मी आहे ना म्हणून. मीही दरवेळी पाहायची, बाबा. आणि तुम्ही दरवेळी असायचात.

तुम्ही विचारलंत, गावात येऊन करू काय. काही करू नका. उतारावर कोहारुच्या मागे नुसते उभे राहा. मला एकटीला ते जमत नाही.

अजूनही मागे वळून पाहणारी,
तुमची मिसुझु